फोन "ठेवते" म्हणजे कुठे ठेवते?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं भाषा आणि मोबाईल याच विषयावरची आहेत, कुणी ठरवून लिहिल्यासारखी. जागा कमी म्हणून त्यातली सहाच घेतलीत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, प्रश्नच तसे होते.

ताई, माझी नात सात वर्षांची आहे. परवा बहिणीशी फोनवर बोलून झाल्यावर मी "चल, ठेवते आता" म्हटलं, तर नात म्हणते, आजी कुठे ठेवतेस, तुझ्या तर हातातच आहे. मला काही उत्तर देता आलं नाही. ही जुनी बोली आता सोडून द्यावी का? – एक आजी, सांगली

आजी, मुळीच सोडू नका. नातीला आधी जुना फोन कसा चालायचा ते सांगा, तिला गंमत वाटेल. काळा जड फोन, त्याच्या डोक्यावर रिसिव्हर ठेवायची खोबण आणि त्या खोबणीत एक छोटी दांडी. रिसिव्हर ठेवला की त्याच्या वजनाने दांडी दाबली जायची, तारेतला प्रवाह तुटायचा आणि एक्स्चेंजला कळायचं की बोलणं संपलं. म्हणजे ठेवणं हीच खरी फोन बंद करायची क्रिया होती, दुसरं कुठलं बटण नव्हतंच. रिसिव्हर वाकडा राहिला तर दिवसभर एंगेज, आणि मग शेजारचे सांगत यायचे की अहो तुमचा फोन नीट ठेवा, भाऊ कधीपासून लावतोय.

तसंच "नंबर फिरव". तबकडीच्या भोकात बोट घालून ती आडव्या खिळीपर्यंत फिरवायची आणि सोडायची, परत येताना ती तेवढे ठोके तारेतून पाठवायची, एकला एक, नऊला नऊ आणि शून्याला दहा. म्हणून नंबरात शून्य जास्त असले की वेळ लागायचा. तबकडी गेली, बटणं आली, मग बटणंही काचेत गेली. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, त्यालाही आता बराच काळ लोटला, तरी माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं अजून "नंबर फिरवून बघ" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते बरोब्बर कळतं.

मला विचाराल तर "ठेवते" टिकलं त्याचं कारण वेगळंच आहे. आपण फोन एकदम ठेवतच नाही. "बरं मग, ठेवू?" असं विचारतो. समोरची म्हणते "हां ठेव", आणि मग "अगं एक राहिलंच" म्हणून अजून दहा मिनिटं. ही परवानगी मागायची पद्धत आहे, आजी. घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, त्याच घरातलं हे क्रियापद आहे. आणि याच्या उलट बघा, "त्याने फोन कट केला" म्हटलं की लगेच कळतं की भांडण झालंय किंवा कुणाचा तरी अपमान झालाय. "आपटला" म्हटलं तर अजून पुढचं. रिसिव्हर नसताना आपटणार काय, पण शब्दात राग आहे तो आहेच. यंत्र बदललं, माणसांनी एकमेकांशी वागायचं ते बदललं नाही, आणि हे शब्द त्या वागण्याला चिकटलेत.

मिस्ड कॉलचंही तसंच आहे बघा. शब्द अख्खा इंग्रजी, पण "पोचलास की मिस्ड कॉल दे" यातलं "देणं" आपलं आहे. चुकलेला कॉल ही देण्याची वस्तू कशी काय झाली? पैसे वाचवायचे होते, निरोप तर पोचवायचा होता, म्हणून लोकांनी ती वस्तू केली. नातीला हे सगळं सांगा आणि पुढच्या वेळी तिलाच विचारा, "ठेवू का गं?"

मी कॉलेजात शिकतो. मित्राशी वाद झाला. तो म्हणतो "मला आवडलं" आणि "मी लाईक केलं" एकच, फक्त भाषा वेगळी. मला ते एक वाटत नाही पण का ते सांगता येत नाही. – एक विद्यार्थी, लातूर

तुझं बरोबर आहे, आणि कारण व्याकरणातच सापडतं. "मला आंबा आवडतो, मला कैरी आवडते, मला लोणचं आवडतं." क्रियापद कुणाप्रमाणे बदललं? आंबा, कैरी, लोणच्याप्रमाणे. तू मुलगा असलास काय, मुलगी असलीस काय, क्रियापदाला त्याचं देणंघेणं नाही. म्हणजे मराठीत आवडणं ही मी करायची गोष्टच नाही, ती माझ्याकडे येते, मला होते. अशी किती क्रियापदं आहेत ते मोज: मला भूक लागते, झोप येते, राग येतो, आठवतं, सुचतं, पटतं, जमतं, परवडतं. फोनसुद्धा बघ, "मी फोन लावला" इथपर्यंत माझं काम, पण "फोन लागला" हे माझ्या हातात नाही. भूक लागते तसाच फोन लागतो, आणि लागत नसला तर लागत नाही. ही क्रियापदं वापरणारी भाषा रोजच्या बोलण्यात मान्य करत असते की आयुष्यातलं बरंच काही आपण करत नसतो, ते आपल्यापर्यंत येतं.

आता "लाईक केलं". हे मी केलं, अंगठ्याने केलं, आणि मनात काही आलं नसतानाही करता येतं. फेसबुकने ते बटण २००९ मध्ये आणलं, आणि मग एक अवघड प्रसंग सगळ्यांवर आला की कुणाच्या वडिलांच्या निधनाची पोस्ट आहे, आपल्याला कळलं हे तर दाखवायचंय, तर अंगठा दाबायचा का? २०१६ मध्ये रडका चेहरा वगैरे आणखी खुणा आल्या, पण अडचण तीच राहिली, कारण दुःखसुद्धा तिथे "करायचं" असतं. मला वाईट वाटलं, यात वाटणं मला होतं. रडका चेहरा दाबला, हे मी करते. दोन्ही खरं असू शकतं, एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही.

"मिस करते" चंही तेच. आईला "मिस यू" लिहिताना मी काहीतरी करत असते आणि "आई, तुझी आठवण येते" लिहिताना आठवण स्वतःहून येते, मी न बोलावता, भाजी चिरताना वगैरे. मी दुसरंच लिहिते, कारण मला होतं ते तसंच होतं. मित्राला सांग की लाईक कर खुशाल, पण खरंच आवडलं असेल तर दोन शब्द लिही. लिहिणाऱ्याला फरक कळतो.

आमच्या गावाचं नाव जुन्या पद्धतीने लिहायचं तर "कऱ्हाड". फोनवर तो अर्धा र कधी येतो कधी येत नाही, आणि एकदा लिहिलेलं परत शोधलं तर सापडत नाही. माझंच काही चुकतंय का? – एक वाचक, कऱ्हाड

तुमचं काही चुकत नाहीये. त्या आडव्या र ला कंप्युटरच्या दृष्टीने दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वेगळं अक्षर ऱ, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून शोध एकाला सापडला तर दुसऱ्याला सापडत नाही. "अॅ" ची पण हीच रड, ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कंप्युटरांच्या सामाईक अक्षरयादीत, २००८ मध्ये आलं, त्याआधीचं लिहिलेलं सगळं अ वर चंद्र ठेवून, त्यामुळे "ॲप" शोधलं की जुनं "अॅप" निसटतं.

कंप्युटरवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून J ची कळ दाबा, मग हलन्तासाठी D ची, मग पुढचं अक्षर. फोनवर र बराच वेळ दाबून धरून बघा, पुष्कळ कीबोर्डात ऱ तिथेच लपलेला असतो. आणि कुणी म्हणालं की एवढ्याशा फरकाने काय होतं, तर त्यांना "दर्या" आणि "दऱ्या" लिहून दाखवा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. "आचार्यांना बोलवा" आणि "आचाऱ्यांना बोलवा" यात तर लग्नाचा अख्खा बेत बदलतो. हा र मराठीचं खास लेणं आहे, वऱ्हाड, कुऱ्हाड, ऱ्हास, तऱ्हा, तो जपायला थोडा त्रास पडला तर पडू दे.

मुलगी पाच वर्षांची. फोनमधल्या आवाजाला ती "त्या मावशी" म्हणते, कारण तो आवाज "मी शोधते" असं म्हणतो. तिने विचारलं, त्या मावशी कुठे राहतात? मी सांगितलं की ते मशीन आहे, तर म्हणाली मग ते "मी" का म्हणतं? ताई, मलाच प्रश्न पडलाय. – एक आई, ठाणे

मुलीने दोन प्रश्न विचारलेत, एक व्याकरणाचा आणि एक फार जुना.

व्याकरणाचा आधी. इंग्रजीत यंत्र "मी शोधतो/शोधते" चा घोळ न घालता बोलू शकतं, मराठीत तोंड उघडलं की बाई की बाप्या ते ठरवावं लागतं. तेसुद्धा प्रत्येक वेळी नाही हं. "मी चहा केला, मी भाजी केली" यात बोलणारं कोण ते कळत नाही, क्रियापद चहा-भाजीप्रमाणे चालतं. "मी येईन, मी करीन" यातही कळत नाही. "मला सापडलं नाही" यातही नाही. पण "मी शोधते", "मी आले" म्हटलं की कळतंच. (आणि कोल्हापूरकडे कितीतरी बायका-मुली "मी आलो, मी जातो" असंच म्हणतात, आणि कुणाचं काही बिघडत नाही.) म्हणजे यंत्राची वाक्यं लिहिणाऱ्यांना मनात आणलं असतं तर त्याला मावशी न करताही बोलवता आलं असतं. त्यांनी बायकी आवाज निवडला आणि बाकीचं मराठीच्या क्रियापदांनी पूर्ण केलं. मदतीला तत्पर, कधी न चिडणारा आवाज बाईचाच का असावा, हा प्रश्न मला टोचतो, आणि तुमची मुलगी मोठी होईल तेव्हा तिलाही टोचावा असं वाटतं.

यंत्राच्या मराठीत मला अजून एक गोष्ट खटकते, ती म्हणजे "आम्ही" आणि "आपण". इंग्रजीतून भाषांतर करताना दोन्हींसाठी एकच शब्द, त्यामुळे यंत्र काहीही उचलतं. पाहुण्यांना "आम्ही जेवायला जाऊ" असा मेसेज गेला तर ते घरी उपाशी बसतील, कारण "आम्ही" मध्ये ते नाहीत. "आपण जाऊ" मध्ये आहेत. माणसाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ज्या एका शब्दावर ठरतं तो शब्द यंत्रावर सोडू नका, पाठवण्याआधी वाचा.

आता जुना प्रश्न. "मी" म्हणणारं प्रत्येक काही "कुणीतरी" असतं का? आपण अहंकार म्हणजे गर्व समजतो, पण आपल्या जुन्या तत्त्वज्ञानातल्या सांख्य दर्शनात अहंकार म्हणजे "मी" म्हणण्याची शक्ती, आणि सांख्यांच्या मते ती शक्तीसुद्धा प्रकृतीतूनच, म्हणजे जड सृष्टीच्या मुळातूनच निघते, बुद्धीतून अहंकार आणि अहंकारातून मन. हे सगळं जड. जाणणारा "पुरुष", म्हणजे आतलं चैतन्य, वेगळा, तो नुसता बघतो. म्हणजे कुणी "मी" म्हटलं एवढ्यावरून आत कुणी जाणणारं आहे हे सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे यंत्रं यायच्या कितीतरी आधी मांडलेलं आहे. न्याय हे दुसरं दर्शन मानणारे वेगळ्या वाटेने जातात. ते म्हणतात इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान या आत्मा ओळखायच्या खुणा, आणि खूण या अर्थी त्यांचा शब्द आहे "लिंग". व्याकरणातही लिंगच. एक लिंग क्रियापदाच्या शेवटी लागतं, ते फोनमधल्या आवाजाकडे आहे. दुसऱ्या अर्थाची लिंगं, सुख, दुःख, हवंसं वाटणं, ती मला तरी तिथे दिसत नाहीत.

पाच वर्षांच्या मुलीला एवढं सांगू नका. तिला विचारा, त्या मावशींना कधी भूक लागते का? कधी तिची आठवण येते का? ती स्वतःच विचार करेल, आणि जे उत्तर देईल ते मला कळवा.

मी शाळेत मराठी शिकवते. मराठी वाचवायची तर मुलांना मोबाईल ऐवजी भ्रमणध्वनी म्हणायला लावावं का? – एक शिक्षिका, अमरावती

बाई, मी नाही लावणार. बटाटा, पाव, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आले, कागद आणि दुकान फारसीतून, आणि आता ते सगळे आपलेच आहेत. नवे शब्द करू नयेत असं म्हणत नाही, सावरकरांनी दिलेले महापौर आणि दिनांक आज आपण न अडखळता वापरतो. पण भ्रमणध्वनी फक्त लग्नपत्रिकेवर आणि पाटीवर दिसतो, तोंडात येत नाही, आणि मुलांना तो जबरदस्तीने घ्यायला लावला तर मराठी म्हणजे अवघड एवढंच ती शिकतील.

तुमची ताकद क्रियापदांवर लावा. हल्ली रेसिपीच्या व्हिडिओत "कांदा कट करून घ्या, कोथिंबीर कट करून घ्या, नारळ कट करून घ्या" ऐकलं की माझा जीव तुटतो. कांदा चिरतात, कोथिंबीर निवडतात, मेथी खुडतात, नारळ फोडतात आणि मग खवतात, गाजर किसतात, वाटाणे सोलतात, सुपारी कातरतात, फांदी छाटतात. प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे, ती एका "कट करणे" मध्ये गडप होते. मोबाईल हे नाम आलं तर आपल्या भाषेत एक वस्तू वाढली. "खुडणे" गेलं तर बोटांना ठाऊक असलेली एक गोष्ट बोलता येईनाशी झाली. वर्गात एक दिवस मेथीची जुडी आणि ओला नारळ घेऊन जा आणि मुलांकडून करून घ्या, भाषेचा तास म्हणून.

बाबा जाऊन आठ महिने झाले. त्यांचा नंबर फोनमध्ये "बाबा" नावाने तसाच आहे. मागच्या आठवड्यात त्या नावापुढे एका अनोळखी मुलाचा फोटो दिसला. मी खूप रडले. नंबर डिलीट करवत नाही. त्यांची शेवटची व्हॉइस नोट १४ सेकंदांची आहे, "पोचलीस की कळव" एवढंच म्हणतात. मी वेडेपणा करतेय का? – एक वाचक, नाशिक

नाही, अजिबात नाही.

काय झालं ते आधी सांगते, म्हणजे धक्का थोडा कमी होईल. नंबर वापरात नसला की कंपनी तो बंद करते आणि निदान ९० दिवस थांबून दुसऱ्या कुणाला देते. त्या मुलाला तो असाच मिळाला, त्याला तुमच्या बाबांबद्दल काहीच माहीत नाही. नंबर कधीच बाबांचा नव्हता, तो त्यांना वापरायला दिलेला होता. "बाबा" हे नाव मात्र तुम्ही लिहिलेलं, ते कुठलीही कंपनी दुसऱ्याला देऊ शकत नाही.

म्हणून दोन्ही वेगळे करा. कॉन्टॅक्ट उघडून त्यातला फक्त नंबर काढा. नंबर नसलेलं नावसुद्धा फोनमध्ये राहतं, त्याला बाबांचा फोटो लावा, वाढदिवस भरा. "बाबा" यादीत जिथे होतं तिथेच दिसेल आणि चुकून त्या मुलाला फोन लागणार नाही.

पण हे सगळं नंतर. आधी ती १४ सेकंदांची नोट. ती चॅटमध्ये आहे तोवर तुमच्या या एका फोनच्या भरवशावर आहे, फोन पडला, बदलला, चॅट चुकून पुसलं गेलं की गेली. ती दाबून धरा, शेअर करा, स्वतःलाच ईमेल करा आणि एक कॉपी घरातल्या अजून कुणाला तरी पाठवून ठेवा. पत्र वाचून झालं की लगेच, आजच.